बायबलच्या अभ्यासकांचं लिखाण आपण कसं वाचावं: सीमाभागातल्या साध्या मंडळीकरांसाठी

उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर हल्ली एक वेगळाच प्रश्न ऐकू येतो. कॉलेजात जाणारं एखादं पोर मोबाइल पुढं करतं आणि विचारतं, "अण्णा, हे खरं काय?" व्हिडिओत कुणीतरी सांगत असतं की मोशेची पुस्तकं मोशेनं लिहिली नाहीत, मार्काचा शेवट मागाहून जोडला, पौलाच्या नावची निम्मी पत्रं पौलाची नव्हेत. मोठी माणसं म्हणतात, "असलं बघू नको." पोर गप्प होतं, पण प्रश्न त्याच्याबरोबर घरी जातो.

माझ्याकडे ईश्वरविज्ञानाची पदवी नाही. बेळगावातल्या एका मंडळीत मी बाकावर बसणारा माणूस आहे. आमच्या कॉटेज मीटिंगमधले, म्हणजे घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभेतले, काहीजण गेली बरीच वर्षं बायबलबरोबर अभ्यासकांचं लिखाणही वाचत आलो. त्यात आमची विश्वासाची वाट सुटली नाही, उलट शुभवर्तमान पूर्वीपेक्षा हळू आणि लक्ष देऊन वाचायची सवय लागली. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी आमची पद्धत इथं पायरीपायरीनं मांडतो.

आपण सीमाभागातली माणसं या कामाला फार आधीपासून तयार आहोत. आपल्या घरातल्या ट्रंकेत आजोबांच्या वेळचा मोडीतला कागद असतो, त्यानंतरचा मराठी उतारा असतो आणि १९५६ नंतरची कन्नड पहाणी असते. तिन्हींत एकाच शेताची हकीगत असते. कधी नाव वेगळं पडतं, कधी हद्द. तेव्हा आपण कागद फाडत नाही आणि शेतही सोडत नाही. जुना कागद कुठला, लिहिणारा कोण, नक्कल कुणी केली, चूक कुठं शिरली असेल, असं विचारत बसतो. बायबलचे अभ्यासकही मुळात हेच करतात.

आधी 'टीका' हा शब्द

इंग्रजीत या अभ्यासाला 'क्रिटिसिझम' म्हणतात आणि ते ऐकून आपल्या मनात कुणीतरी शास्त्राची निंदा करतंय असं येतं. पण मराठीत 'टीका' शब्दाला दोन अर्थ आहेत. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे, म्हणजे उलगडा. अभ्यासकांची 'टीका' या दुसऱ्या अर्थाच्या जवळची आहे. 'पाठांतर' शब्दाचंही तसंच. रविवारच्या शाळेत आपण वचनांचं पाठांतर केलं. ग्रंथशास्त्रात मात्र पाठांतर म्हणजे एका प्रतीत एक शब्द आणि दुसऱ्या प्रतीत दुसरा. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अशी पाठांतरं शिरली होती, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू केलं आणि ते १९६६ पर्यंत चाललं. प्रतींवर प्रेम असलेली माणसंच त्या ताडून बघतात, हे मराठी माणसाला नव्यानं सांगायला नको.

आपल्या मंडळीतही हा वारसा आहे. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं. बाबा पदमनजी १८३१ साली याच बेळगावात जन्मले, इथल्या मिशनच्या शाळेत शिकले, आणि पुढं त्यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. तेव्हा बायबलवर मराठीत विचार करणं हे बाहेरून आलेलं खूळ नव्हे.

पहिली पायरी: दोन प्रती, दोन वेळा

भक्तीचं वाचन आणि अभ्यासाचं वाचन वेगळं ठेवा. हे मी सगळ्यात आधी सांगतो, कारण इथंच माणसं अडखळतात. सकाळी स्तोत्र वाचताना हे दाविदाचं की नंतरचं असा विचार करत बसलं तर प्रार्थना होत नाही. संध्याकाळी अभ्यासाला बसल्यावर प्रत्येक प्रश्न प्रार्थनेनं झाकला तर अभ्यास होत नाही.

मी सकाळी आईची जुनी प्रत वाचतो. तिच्यात रेघ मारत नाही. अभ्यासासाठी स्वस्तातली दुसरी प्रत घेतली आहे, तिच्यात पेन्सिलीनं हवं ते लिहितो. आठवड्यातून एक संध्याकाळ, तासभर, एवढं पुरतं. रोज करायला गेलात तर महिन्याभरात सुटेल.

अभ्यासाच्या प्रतीत तळटीपा आहेत का ते बघून घ्या. "काही जुन्या प्रतींत हे वचन आढळत नाही" असल्या ओळी छोट्या टाइपात खाली असतात. वर्षानुवर्षं आपण त्यांच्यावरून नजर पुढं नेली आहे. आता तिथं थांबायचं.

दुसरी पायरी: विद्वानाचं पुस्तक उघडण्याआधी स्वतः रकाने पाडा

ही पायरी गाळू नका. अभ्यासक कशाबद्दल बोलतात ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय त्यांचं म्हणणं एक तर थापेसारखं वाटतं, नाही तर देववाणीसारखं.

दोनशे पानी वहीचं एक जोडपान उघडा. तीन रकाने पाडा: मार्क, मत्तय, लूक. येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग घ्या: मार्क १:९-११, मत्तय ३:१३-१७, लूक ३:२१-२२. तिन्ही हातानं उतरवून काढा. फोटो किंवा झेरॉक्स चालणार नाही, कारण हात लिहितो तेव्हाच डोळा बघतो. मग तिन्हींत सारखे शब्द असतील त्यांखाली निळी रेघ, एकाच रकान्यात असतील त्यांखाली लाल.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा आमच्या गटात बराच वेळ कुणी बोललं नाही. मार्कात आकाशातून वाणी येते ती येशूला उद्देशून: 'तू' माझा पुत्र. मत्तयात तीच वाणी भोवतालच्यांना सांगते: 'हा' माझा पुत्र. मार्कात योहान काही न बोलता बाप्तिस्मा देतो. मत्तयात तो येशूला अडवतो, मीच तुझ्याकडून बाप्तिस्मा घ्यावा असं म्हणतो, आणि येशू त्याला समजावतो. ही दोन वचनं, ३:१४-१५, मार्कात आणि लूकात नाहीत. लूकात येशू प्रार्थना करीत असताना आकाश उघडतं, आणि ती प्रार्थना दुसऱ्या दोघांत नाही.

आता प्रश्न विचारा. योहानाची हरकत मत्तयानं का नोंदवली असेल? पापांच्या क्षमेचा बाप्तिस्मा येशूनं कसा घेतला, असं पहिल्या मंडळ्यांत कुणीतरी विचारत असणार. त्या प्रश्नाला इथं उत्तर मिळतं. लूकाची प्रार्थना का? तर लूकाचं पुढचं शुभवर्तमान वाचा, महत्त्वाच्या प्रत्येक वळणावर येशू प्रार्थना करताना दिसतो. लेखकाचं मन रकान्यातून दिसू लागतं. याला अभ्यासक 'संपादनाची चिकित्सा' म्हणतात. तुम्ही ती नाव माहीत नसतानाच केलीत.

महिनाभर असे चार-पाच प्रसंग केलेत की आणखी एक गोष्ट लक्षात येईल. मार्क १६:८ पर्यंत ६६१ वचनं धरली तर त्यांतल्या सुमारे सहाशेंचा मजकूर मत्तयात या ना त्या रूपात आहे. मार्क 'देवाचे राज्य' म्हणतो तिथं मत्तय बहुतेक वेळा 'स्वर्गाचे राज्य' लिहितो. मार्क आधी लिहिला गेला आणि मत्तय-लूकांनी तो समोर ठेवला, हे मत इथून येतं. आता ते कुठल्याही पुस्तकात वाचलंत तर त्यामागचा पुरावा तुमच्या वहीत असेल.

उत्पत्तीतही एक प्रयोग करा. १:१ पासून २:३ पर्यंत निर्माणकर्त्याला काय म्हटलंय ते मोजा: 'देव'. २:४ पासून? 'परमेश्वर देव'. मराठी भाषांतरानं हिब्रूतला हा फरक जपला आहे. १७५३ साली झाँ अस्त्रुक नावाच्या फ्रेंच माणसानं या दोन नावांवरून असं मांडलं की मोशेनं आधीचे वेगवेगळे लेख वापरले असावेत. पुढच्या शतकात जर्मनीत वेलहाउझननं त्या विचाराला नामांकित रूप दिलं, आणि आज त्याच्या मांडणीवरही पुष्कळ वाद आहे. मला त्यात मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. अस्त्रुक धर्मगुरू नव्हता, पेशानं वैद्य होता. लक्ष देऊन वाचणाऱ्या साध्या माणसाला काय दिसू शकतं ते बघा.

तिसरी पायरी: आपल्या तीन भाषा कामाला लावा

पुण्या-मुंबईच्या वाचकाला मिळत नाही अशी सोय आपल्याला घरबसल्या आहे. मुलगी कन्नड माध्यमात शिकते, तिच्या शाळेतल्या मैत्रिणीकडं कन्नड सत्यवेद आहे. कॅम्पातल्या शेजाऱ्याकडं हिंदी किंवा इंग्रजी प्रत आहे. खानापूर-नंदगडकडच्या कॅथलिक ओळखीच्यांकडं कोकणी आहे. एकच वचन घेऊन सगळीकडं बघा.

योहान १:१ घ्या. मराठीत 'प्रारंभी शब्द होता'. कन्नडात तिथं 'वाक्य' आहे. हिंदीत 'वचन'. शब्द, वाक्य आणि वचन आपल्या कानाला एक नाहीत. शब्द सुटा असतो, वाक्याला अर्थ पुरा होतो, वचन दिलं की पाळावं लागतं. मूळ ग्रीक शब्द 'लोगॉस' यांत मावतो आणि उरतो, कारण त्यात बोलणं आहे, विवेक आहे आणि हिशोबही आहे. एका भाषांतरकारानं चूक केली नि दुसऱ्यानं बरोबर केलं असं नाही. प्रत्येकानं एक दार उघडलं. ही गोष्ट ज्याला कळली त्याला भाषांतराबद्दलच्या निम्म्या पुस्तकांचा गाभा कळला.

यशया ७:१४ वर असाच वेळ द्या. आपल्याकडं 'कुमारी' शब्द आहे. लग्नाआधी मुलीच्या नावामागं आपण 'कु.' लावतो तेव्हा ती अविवाहित आहे एवढंच सांगायचं असतं, पण धर्मग्रंथात वाचलं की 'अक्षतयोनी' असा अर्थ मनात उमटतो. हिब्रूतला 'अल्मा' शब्द म्हणजे लग्नाच्या वयाची तरुण मुलगी. येशूच्या आधी अलेक्झांड्रियात यहूद्यांनी शास्त्र ग्रीकमध्ये आणलं, त्या भाषांतरात इथं 'पार्थेनोस' आलं, ज्याचा अर्थ सामान्यतः कुमारी. मत्तय १:२३ हे ग्रीक वाचन पुढं नेतो. म्हणजे शुभवर्तमानकारसुद्धा भाषांतरातूनच वाचत होता, आपल्यासारखाच. यातून कुमारी-जन्माच्या श्रद्धेचं काय होतं? मत्तय आणि लूक दोघंही ती आपापल्या पद्धतीनं सांगतात, ती केवळ एका शब्दावर टांगलेली नाही. पण यशयाच्या वेळी आहाज राजाला ते वचन काय सांगत होतं, हा प्रश्न मोकळा होतो आणि तो अध्याय पुन्हा वाचावासा वाटतो.

भाषांतरांचा थोडा इतिहासही ठेवा. बंगालमधल्या सेरामपूरहून मिशनरी विल्यम कॅरी यांच्या मंडळीनं मराठी नवा करार १८११ साली छापला. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बोलीत भाषांतर केलं. त्या १९२२ साली वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. एका बाईनं एवढं काम एकहाती ओढलं हे आपल्या पोरींना सांगा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या सुबोध बायबलाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मिळतील तेवढी भाषांतरं शेजारी ठेवा. दोन भाषांतरांत एकाच वचनाचा अर्थ फारच लांब गेला असेल तर मुळात काहीतरी अवघड आहे अशी खूण करा.

चौथी पायरी: हस्तलिखितांना घाबरू नका

मेथडिस्ट आणि कॅथलिक मिळून असलेल्या लग्नात किंवा मातीच्या वेळी प्रभूची प्रार्थना म्हटली जाते तेव्हा काय होतं ते तुम्ही ऐकलंय. 'वाइटापासून सोडव' इथं कॅथलिक थांबतात आणि आपला आवाज 'कारण की राज्य, पराक्रम, गौरव' असा पुढं जातो. लहानपणी मला वाटायचं ते विसरले.

आता मत्तय ६:१३ उघडा. ते शेवटचं वाक्य तुमच्या प्रतीत कंसात आहे का, तळटिपेत आहे का बघा. मत्तयाच्या सर्वांत जुन्या चांगल्या प्रतींत ते नाही. लूक ११:२-४ मध्येही नाही. पण 'दिदाखे' नावाच्या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी पराक्रम आणि गौरव हे दोन शब्द येतात. म्हणजे पहिल्या मंडळ्या उपासनेत हे म्हणत होत्या, आणि म्हणता म्हणता ते लिहिणाऱ्याच्या हातून मजकुरात उतरलं, अशी बहुतेक अभ्यासकांची समजूत आहे. कॅथलिकही मिस्सामध्ये ते म्हणतात, फक्त मधे याजकाची एक प्रार्थना झाल्यावर. हे समजल्यापासून मी ते वाक्य जास्त जोरानं म्हणतो. ते पहिल्या मंडळीनं दिलेलं उत्तर आहे.

मोडीची नक्कल करणारा कारकून डोळ्यांपुढं आणा. दोन ओळींच्या शेवटी एकच शब्द असेल तर नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि मधली ओळ गळते. समासात कुणी टीप लिहिली असेल तर पुढचा नकलनवीस ती मजकुरात घेतो. ग्रीक प्रतींत नेमकं हेच झालं. म्हणून अभ्यासक काही नियम धरून चालतात: जुनी प्रत सहसा जास्त वजनाची, आणि अवघड वाचन बहुधा मूळचं, कारण नकलनवीस अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड करत नाही.

मार्काचा शेवट आता या नियमांनी बघा. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन मोठ्या प्रतींत मार्क १६:८ ला संपतो: स्त्रिया कबरेपासून पळाल्या, त्या भ्याल्या होत्या. ९ ते २० वचनं त्यांत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग, योहान ७:५३ ते ८:११, हाही सर्वांत जुन्या प्रतींत नाही. या दोन जागांबद्दल अभ्यासकांत जवळजवळ एकमत आहे. तरी तो प्रसंग येशूच्या आठवणींतून आला असावा असं अनेकांना वाटतं, आणि मंडळीनं तो टाकून दिला नाही.

सिनायची प्रत इंटरनेटवर पानापानानं फुकट बघता येते. मृत समुद्राजवळ १९४७ साली सापडलेली यशयाची सात मीटरहून लांब गुंडाळीही बघता येते, जी तोवर माहीत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी आहे. रविवारच्या शाळेतल्या मुलांना मार्काच्या शेवटाचं पान मोबाइलवर दाखवा. उरलेला रकाना कोरा दिसतो. एकही ग्रीक अक्षर न वाचता मुलांना कळतं.

पाचवी पायरी: आता अभ्यासकाचं पान

पुस्तक हाती आल्यावर पहिल्या पानावर सुरुवात करू नका. साल बघा. मंडळ्यांच्या कपाटात आणि इंटरनेटवर फुकट मिळणारी जुनी भाष्यं बरीचशी १९४७ च्या, म्हणजे मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्या सापडण्याच्या, आधीची असतात. मॅथ्यू हेन्री यांचं भाष्य तर अठराव्या शतकातलं. त्यात भक्तीचा ओलावा भरपूर आहे, तो घ्या, पण हस्तलिखितांची आणि उत्खननांची माहिती तिथं शोधू नका. मग लेखक कुठं शिकवतो आणि कुठल्या परंपरेतला आहे ते बघा. मग प्रस्तावना, मग शेवटचं प्रकरण, मग विषयसूचीतून तुमच्या वहीतलाच प्रसंग. ज्या प्रसंगाचे रकाने तुम्ही पाडलेत तिथं लेखक काय म्हणतो ते वाचा. इंग्रजी जड असलं तरी मजकूर ओळखीचा असल्यानं निभावतं.

वाचताना समासात तीन खुणा करा. जवळजवळ सगळे मानतात त्याला 'अ', बहुतेक मानतात पण जाणकार विरोधकही आहेत त्याला 'ब', उघड वाद चालू आहे त्याला 'क'.

मार्काचा शेवट 'अ'. रोम, करिंथ (दोन्ही), गलती, फिलिप्पै, थेस्सलनीका पहिलं आणि फिलेमोन ही सात पत्रं पौलाचीच, हेही 'अ'. तीमथ्याची दोन आणि तीताचं पत्र पौलानंतर त्याच्या परंपरेतल्या कुणी लिहिलं, हे 'ब', कारण अनेक सुवार्तावादी (इव्हँजेलिकल) अभ्यासक ते मान्य करत नाहीत आणि त्यांच्याकडंही कारणं आहेत. इथं रोम १६:२२ बघा, तिथं तर्तिय म्हणतो की हे पत्र मी लिहून दिलं. पौल सांगत होता, लेखनिक लिहीत होता. 'कुणी लिहिलं' हा प्रश्नच त्या काळी आपल्याइतका सरळ नव्हता. मत्तय आणि लूकांत मार्काबाहेरचा सारखा मजकूर आहे, तो 'क्यू' नावाच्या हरवलेल्या संग्रहातून आला की लूकानं मत्तय वाचला होता? हे 'क' धरा. बहुतेक जुनी पुस्तकं क्यूला सिद्ध झाल्यासारखं लिहितात, पण ऑस्टिन फॅरर यांनी १९५५ साली त्याच्याशिवायही काम भागतं असं मांडलं आणि तो वाद आजही चालू आहे.

'क'चा मजकूर 'अ'च्या सुरात सांगणारा लेखक सावधपणे वाचायचा, मग तो श्रद्धेच्या बाजूचा असो की विरुद्ध बाजूचा.

एका पुस्तकावर कधीही थांबू नका. एक कॅथलिक, एक मुख्य प्रवाहातला प्रॉटेस्टंट, एक सुवार्तावादी अशी तिघांची तोंडं एका प्रसंगावर ऐका. कॅथलिकांबद्दल आपल्यात अजून गैरसमज आहेत म्हणून सांगतो: पोप बारावे पायस यांनी १९४३ साली मूळ भाषांतून अभ्यासाला उत्तेजन दिलं आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली ती दिशा पक्की केली. त्यांच्या बायबलात ७३ पुस्तकं, आपल्यात ६६, एवढं ध्यानात ठेवून त्यांची भाष्यं बिनधास्त वाचा.

आणि आपल्या मातीतले अभ्यासक वाचा. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात शिकवणारे जेझुइट फादर जॉर्ज सोरेस-प्रभू, जे १९९५ साली वारले, त्यांनी मत्तयाच्या शेवटची आज्ञा एका बौद्ध ग्रंथाशेजारी ठेवून वाचली. अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातून दलित ईश्वरविज्ञानाची हाक दिली आणि मोशेच्या पुस्तकांतल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायातल्या 'भटकणाऱ्या अराम्या'पासून वाचन सुरू केलं. आपल्या अनेक मंडळ्यांचे पूर्वज कुठल्या वाड्यांतून आले हे आपण जाणतो. तो अध्याय त्यांच्या बाजूनं वाचल्यावर मला माझ्या आजीचं बोलणं आठवलं. परदेशातला कुठलाही प्राध्यापक मला ते देऊ शकला नसता.

पुस्तकं कुठं मिळतील? आधी पास्टर साहेबांचं कपाट. पुण्याला किंवा बंगळुरूला शिकलेल्या पाळकांकडं चांगली भाष्यं असतात आणि विचारणारं कुणी नसल्यानं ती धूळ खात असतात. बंगळुरूला काम निघालंच तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी पोचता येतं. ग्रंथालयात बसायची परवानगी आधी फोन करून घ्या आणि वहीतले प्रश्न लिहून न्या. इंग्रजी जमत असेल तर नेट बायबल इंटरनेटवर फुकट आहे. भाषांतरकारांनी आपले निर्णय का घेतले त्याच्या साठ हजारांवर टिपा त्यात आहेत.

सहावी पायरी: मोबाइलवरचे दावे

थोडक्यात सांगतो. "३२५ साली निकायाच्या परिषदेत मतदान करून बायबल ठरवलं" हे चुकीचं आहे. त्या परिषदेत पुस्तकांची यादी ठरलीच नाही. आज आहेत तीच नव्या कराराची २७ पुस्तकं असलेली यादी अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात येते, आणि चार शुभवर्तमानं तर त्याच्या कितीतरी आधीपासून मंडळ्यांत वाचली जात होती. "विज्ञानानं बायबल शब्दन् शब्द सिद्ध केलं" हेही तेवढंच पोकळ असतं. दावा आला की तीन गोष्टी विचारा: कुठल्या प्रतीवरून, कुठल्या सालचं, कोण म्हणतो. नाव न देता "शास्त्रज्ञ म्हणतात" असं असेल तर पुढं पाठवू नका.

सातवी पायरी: मंडळीत कसं बोलायचं

इथं माझ्या हातून चूक झाली आहे. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या एका बायबल क्लासात, नवीन शिकलेल्या उत्साहात, मी मार्क १६:९-२० मूळचं नाही असं सरळ सांगून टाकलं. मागच्या बाकावरच्या एका आजींचे डोळे भरले. त्यांच्या नवऱ्याच्या मातीच्या वेळी तोच उतारा वाचला होता. मी बरोबर होतो आणि तरी माझं वागणं चुकलं होतं. नंतर घरी जाऊन मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मला चहा पाजला आणि विचारलं, "मग आठव्या वचनात त्या बाया भ्याल्या, पुढं त्यांनी सांगितलं कसं?" त्या दिवसापासून आमच्या गटातली सगळ्यात चांगली वाचक त्याच आहेत.

तेव्हापासून आम्ही असं करतो. उपासनेत किंवा भर सभेत पाळकांना कोंडीत धरत नाही. "सलाम पास्टर साहेब, हे वाचलं, तुमच्याशी बोलायचं होतं" म्हणून आठवड्यात वेळ मागतो. बहुतेक पाळकांनी हे सगळं सेमिनरीत शिकलेलं असतं आणि आपण घाबरू म्हणून सांगत नाहीत. गटात आधी उतारा, मग रकाने, मग अभ्यासक. अभ्यासकाचं नाव घेऊन कुणाचं तोंड बंद करायचं नाही. ज्याला नको असेल त्यानं फक्त ऐकायचं, आणि शेवटी स्तोत्र म्हणून उठायचं.

एक गोष्ट मात्र मी गटात ठाम धरतो. 'परूशी' आणि 'यहूदी' हे शब्द शिवीसारखे वापरायचे नाहीत. परूशी लोक देवाचा नियम रोजच्या घरगुती जगण्यात आणू पाहणारे होते आणि येशूचे त्यांच्याशी वाद म्हणजे एकाच घरातले वाद होते. गेल्या काही दशकांतल्या अभ्यासकांनी हे फार नेटानं दाखवलं आहे. कोकणातले बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच मराठीत शब्बाथ पाळत आले. त्यांच्यासमोर वाचता येईल असाच आपला उपदेश असावा.

पहिल्या गटबैठकीला काय घ्यावं असं विचारलंत तर मी फिलेमोनाचं पत्र सांगेन. पंचवीसच वचनं आहेत, एका संध्याकाळी होतात, आणि ते पौलाचंच यावर वाद नाही. मराठी, कन्नड आणि तिसरी कुठली असेल ती प्रत ठेवा. फिलेमोनाच्या दासाचं नाव अनेसिम आणि त्या नावाचा अर्थच 'उपयोगी' असा आहे एवढं सांगा आणि अकरावं वचन मोठ्यानं वाचायला द्या. मग सोळावं. पौल त्या दासाला मुक्त कर म्हणतो की नाही? स्पष्ट म्हणत नाही. का म्हणत नसेल? आमच्या गटात या प्रश्नावर एकदा रात्रीचे अकरा वाजले. शेतमजुरी करणाऱ्या एका बहिणीनं विचारलं होतं की पत्र घेऊन मालकाच्या दारात उभा असताना अनेसिमाला आत काय लिहिलंय ते माहीत होतं का.